कडेचा माणूस

कत्तिरी लागली. पंचांगात तिला अग्निनक्षत्र म्हणतात, पण कुंभकोणमात कुणी तिला एवढा मान देत नाही. कत्तिरी, म्हणजे कात्री, एवढंच म्हणतात. मे महिन्यातले हे पंचवीसेक दिवस ऊन पडत नाही, अंगावर येतं. सकाळी नऊला स्टुडिओचं शटर वर ढकलताना तळहाताला चटका बसतो, आणि बसला की मी एक कचकचीत शिवी देते. तमिळमध्ये. आमच्या घरच्या मराठीतही शिव्या आहेत, पण त्या तंजावरला आलेल्या पूर्वजांनी आपल्याबरोबर आणलेल्या, इतक्या जुन्या की आता कुणाला लागत नाहीत.

या वर्षी चटका बसला तेव्हा शिवी तोंडातून निघालीच नाही. हात तसाच पत्र्यावर ठेवून मी उभी राहिले. भाजू दे म्हटलं. गेल्या वर्षीची कत्तिरी माझ्या अंगातून अजून उतरलेली नाही, आणि ती नुसती आठवून उतरणार नाही हे मला या मंगळवारी कळलं. ते कसं, ते पुढे सांगते.

सेल्वी पहिल्यांदा स्टुडिओत आली ती गेल्या वर्षी, अशाच उन्हातून. वय चोवीस-पंचवीस, पायात बोटीएवढे बूट, आणि चाळीस डिग्रीत अंगात काळी हुडी. आम्ही दोघी तमिळमध्येच बोललो, इथे मराठीत सांगते. मी विचारलं, "बाई गं, ताप आहे का तुला?"

"ही वर्दी आहे, अक्का," ती म्हणाली.

ती रॅप करते हे मला ठाऊक होतं. तिचे व्हिडिओ फिरत फिरत माझ्याही फोनवर आले होते. त्यात ती कॅमेऱ्यावर धावून यायची, बोटं रोखायची, शब्द दगडासारखे भिरकावायची. कुणाची जीभ उपटीन, कुणाचा झेंडा फाडीन, कुणाच्या दारात कुणाची राख टाकीन. बघताना मला वाटायचं की ही पोरगी एक दिवस खरंच कुणाचं तरी डोकं फोडणार. माणसं ओळखण्यात मी किती कच्ची आहे याचा हा पहिला पुरावा.

"माझ्या ताताचं कण्णीर अंजलीचं पोस्टर पाहिजे," ती म्हणाली. ताता म्हणजे आजोबा, कण्णीर म्हणजे अश्रू. आमच्याकडे माणूस गेला की काही तासांत चौकाचौकात पोस्टर लागतं. वर मृताचा फोटो, खाली नाव, बाजूला दोन छापील अश्रू. आमच्या स्टुडिओचं निम्मं काम तेच.

"कधी गेले?"

"दोन वर्षं झाली."

"मग फोटो आण."

"फोटो नाहीये. पण तुमच्याकडे आहे."

तिचा ताता म्हणजे वीरन. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, प्रेतापुढे परै, तो चपटा चामड्याचा डफ, वाजवणारा. गावातल्या कुठल्याही आळीत मढं उठलं की वीरन पुढे असायचा, आणि कॅमेरा घेऊन माझे आप्पा मागे. सेल्वीने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "तुमचे आप्पा प्रत्येक प्रेतयात्रेचे फोटो काढायचे. ताता प्रत्येक प्रेतयात्रेत होता. मग फोटोतून तो गेला कुठे?"

कुठे गेला ते कोपऱ्यात दिसतच होतं. आप्पांचं कागद कापायचं यंत्र, लाकडी पाटाचं, लांब पात्याचं, अजून तिथेच आहे. आप्पा आता ऐंशीचे आहेत, दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसभर पंख्याखाली बसतात. मी जुने प्रिंट काढून त्यांच्यापुढे टाकले.

"आप्पा, ह्यांत वाजविणारा कां नाहीं?"

"कापलों."

"कां?"

"कडेचा माणूस कापायचाच असतो, मा. घरचीं मंडळीं आल्बमांत त्याला ठेवूं देत नाहींत. मीं कापलों नाहीं तर तींच कापतील. मजं पातं सरळ चालतें, त्यांची कात्री वांकडी."

एवढं सांगून त्यांनी पंखा वाढवायला लावला. मला राग आला, पण त्या रागाला मी वाट दिली नाही. त्या यंत्रावर मीही पंचवीस वर्षं कापत आलेली आहे. नवरीच्या मागे उभी राहिलेली विधवा काकू, व्याह्यांच्या मांडीला लागून बसलेला भांडेवाला, हे सगळं मी कापलेलं आहे. पातं खाली येतं तेव्हा एकच खस्स आवाज होतो. कुणी ओरडत नाही.

निगेटिव्ह मात्र कापलेल्या नसतात. पत्र्याचे डबे उघडले, आठवडाभर त्या दिव्यापुढे धरून बघितल्या, आणि पाच निगेटिव्हमध्ये वीरन सापडला. एकात नुसता कान आणि मान. एकात जबडा आणि मिशी. एकात कपाळ, विभूतीचे तीन पट्टे. एकात तो वाकून गवताच्या जाळावर परै शेकतोय. कातडं तापवून ताणल्याशिवाय ते वाद्य बोलत नाही. आणि एकात तो पूर्ण होता, पण हललेला. डोळे मात्र एकातही नव्हते. कुठे नजर वाद्यावर, कुठे धुरामुळे मिटलेली.

मी म्हटलं, यातून चेहरा व्हायचा नाही. सेल्वी हसली. पहिल्यांदाच. तिने लॅपटॉप उघडला आणि तिच्या ताताच्या वाजवण्याचं एक जुनं, फोनवरचं, खरखरीत रेकॉर्डिंग लावलं. मागे कुणी रडत होतं, कुत्रं भुंकत होतं. त्यातला दोन सेकंदांचा तुकडा तिने उचलला, सलग जोडला, खाली दुसरा ठोका घातला. खोलीत ते असं घुमलं की मागून आप्पांनी विचारलं, कोण गेलं?

"आम्ही असंच करतो, अक्का," ती म्हणाली. "सगळं गाणं कुणाला लागतं? तुकडा पुरतो. फोटोचंही असंच करायचं."

चेहरा जोडला तो कदिरने. कदिर स्वामीमलैच्या मूर्तिकारांच्या घरातला, वय सव्वीस. दिवसा कारखान्यात मेणाच्या मूर्ती घडवायचा, ज्यांच्यावर माती थापून पुढे ब्राँझ ओततात, आणि सुट्टीच्या दिवशी स्प्रेचे कॅन घेऊन भिंती रंगवायचा. तमिळ अक्षरं मुळातच गोल. ती तो अशी फुगवायचा की वाटावं, दाबलं तर बोट आत जाईल. त्याने माझे पाच तुकडे एकावर एक ठेवले, दोन दिवस त्यांच्याकडे नुसता बघत बसला, आणि म्हणाला, "डोळे सेल्वीचे घेऊ. ताताच्याच घरातले आहेत."

मग पोस्टर हा शब्दच मागे पडला. शहराच्या दक्षिणेला, साक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका फाट्यावर, एका बंद राइस मिलची उंच भिंत आहे. मालक चेन्नईत. फोनवर म्हणाला, रंगवा, निदान कुणी तिथे मुतणार तरी नाही. त्या फाट्यावरून आजूबाजूच्या सगळ्या आळ्यांची मढी स्मशानाकडे जातात. वीरन ज्या रस्त्याने आयुष्यभर पुढे पुढे चालला, त्याच रस्त्यावर तो वीस फूट उभा राहणार होता. सेल्वीला दुसरं काही नको होतं. ताताला चेहरा पाहिजे, आणि त्या चेहऱ्याला डोळे पाहिजेत.

त्या दिवसांत मी नदीवर जायला लागले. कत्तिरीत अरसलार कोरडी ठाक असते, पात्रात नुसती वाळू. सेल्वीची हिप-हॉपवाली मंडळी सकाळी लवकर तिथे जमायची. नेत्यांच्या वाढदिवसाचे जुने फ्लेक्स उलटे अंथरायचे आणि त्यावर डोक्यावर गरगर फिरायचं, हातांवर उलटं व्हायचं, आपटायचं. कोपरं सोलून निघायची. मग गोल करून दोघांनी समोरासमोर यायचं आणि एकमेकांची आयमाय उद्धरत रॅप करायचं. नाकाला नाक लागेल इतकं जवळ. थुंकी उडायची, गळ्याच्या शिरा टरारायच्या. मी पहिल्या दिवशी मध्ये पडायला निघाले होते. कदिरने माझा दंड धरला. "अक्का, हात लावत नाहीत. ज्याने हात लावला तो हरला."

माझे पहिले फोटो बघून सेल्वीने कपाळावर हात मारला. "तुम्ही आम्हाला लग्नातल्यासारखं बघता. खाली बसा." मी खाली बसले. "अजून खाली." शेवटी पन्नाशीची मी, जरीकाठाच्या साडीत, तापल्या वाळूत पालथी पडले. तिथून बघितलं तर बूट भिंतीएवढे, मुठी आभाळाला लागलेल्या, आणि तोंडं उन्हात काळीभोर. जन्मभर मी माणसांना "हनुवटी वर, थोडं हसा" म्हणत आले होते. ही मंडळी हनुवटी खाली घालून कपाळातून बघायची, चौकट फोडून बाहेर यायची. कुणी कडेला उभं राहत नव्हतं. जो कडेला असायचा तो पुढच्या क्षणी उडी मारून मध्ये यायचा. वाळूने पोट भाजत होतं आणि मला हसू येत होतं. इतकी मी कितीतरी वर्षांत जागी नव्हते.

एवढी मारामारीची भाषा, आणि त्या अख्ख्या महिन्यात त्यांच्यातल्या कुणी कुणाला बोट लावलं नाही. हे मला आज लिहून ठेवायचं आहे, कारण खरी मारामारी आली ती अगदी गोड बोलत आली.

गेल्या वर्षीचा तोही मंगळवारच होता. अडीचपर्यंत भिंतीवर सगळं झालं होतं. कपाळ, विभूती, मिशी, खांद्याला लटकलेला परै. डोळ्यांच्या जागी दोन पांढरे डाग तेवढे उरले होते. कदिर परांचीवरून खाली उतरला आणि हात पुसत म्हणाला, "आता साडेचारला."

"का?" सेल्वीने विचारलं.

"तीनला राहुकाळ लागतो. डोळ्यांना पाऊण तास तरी पाहिजे. मध्ये येईल."

मूर्तिकारांत डोळे शेवटी उघडतात, चांगला मुहूर्त बघून. तोवर ती मूर्ती नसते, नुसता धातू असतो. कदिर कशालाच मानत नव्हता. देवळात जात नव्हता, जानव्याची टर उडवणारी गाणी करायचा. पण हे एक त्याच्या हाडात होतं.

सेल्वी उसळली. "ताता राहुकाळात वाजवायचा. मरण काय राहुकाळ बघून येतं?"

"माझा हातच चालणार नाही, सेल्वी. चाललाच तर डोळे वाईट होतील."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं थांबू या. मला राहुकाळाचं काही नव्हतं. मला साडेचारचं तिरपं ऊन पाहिजे होतं, त्यात भिंतीचा पोत उठून दिसतो. पंचांगाच्या आड लपून मी माझा प्रकाश सांभाळला. ते दोन तास आम्ही तिघांनी मिळून पुढे जे आले त्यांच्या हातात दिले.

कदिर भिंतीलगतच्या सावलीच्या पट्ट्यात पोतं टाकून आडवा झाला. सेल्वी आणि मी रस्त्यापलीकडे चिंचेखाली नन्नारी शरबत प्यायला बसलो. चारच्या सुमाराला पाच जण आले. चालत, बोलत, कसलीही घाई नाही. पुढे दुरै होता. दुरै आमच्याच रस्त्यावरचा, माझ्या स्टुडिओपासून चौथं घर. बाइकवरून पडल्यापासून त्याचा डावा खांदा उतरलेला आहे. त्याच्या वडिलांचं पोस्टर मीच केलं होतं आणि ते बघून तो माझ्यापुढे रडला होता. मला बघून तो थांबला.

"अक्का, शरबत घेताय? घ्या, घ्या. उन्हाचं बरं असतं."

मग त्याने रस्ता ओलांडला. मागच्याच्या हातातल्या गोणपाटातून पहार निघाली. दुसऱ्याकडे जळक्या ऑइलचा डबा होता.

दुरै आवाज न चढवता म्हणाला, "आमची मढी ह्या रस्त्याने जातात. वर ह्याचं तोंड बघत जायचं का आम्ही?"

पहिला घाव भिंतीतल्या परैवर पडला. गिलाव्याचा ढलपा निघून खाली आला. कदिर झोपेतून उठला तो सरळ भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. पहार पुन्हा आली. मला वाटलं परत गिलावा फुटला. फुटलं होतं ते त्याचं उजवं मनगट. त्याने तोच हात पुन्हा वर केला, आणि त्यांनी त्याच हातावर पुन्हा मारलं. मग पायांनी. बरगड्यांवर, तोंडावर. ऑइल वर भिरकावलं ते वीरनच्या गळ्यापर्यंत पोचलं आणि तिथून कदिरवर ओघळलं. त्याच्या डोक्यातून येणारं रक्त आणि ते ऑइल यात फरक कळत नव्हता.

सेल्वी धावली. तिने कदिरच्या आणि त्यांच्या मध्ये उडी घेतली. एकाने तिला केसांना धरून ओढलं, हुडी फाटली, थोबाडीत बसली, पोटात लाथ बसली. ती पडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. जिच्या प्रत्येक गाण्यात कुणाचं तरी डोकं फुटायचं ती सेल्वी एक शब्द बोलली नाही. नुसतं बघत होती, पापणी न लववता. पट्टीश्वरमकडची बस वळणावरून आली, हॉर्न वाजवत थांबली, बायका खिडकीतून ओरडायला लागल्या, तेव्हा ते पाचही जण आले तसे चालत गेले.

आणि मी? मी फोटो काढत होते. हे सांगायलाच मी लिहायला बसले आहे. मी उठले, पण पाय पुढे गेले नाहीत, कॅमेरा तेवढा वर गेला. अकरा फोटो. प्रत्येक वेळी फोकस नीट होता. चौथ्यात सेल्वीचा चेहरा मधोमध आहे, समोर त्यांच्या पाठी, आणि डाव्या कडेला मान वळवून दुरै सरळ माझ्याकडे बघतोय. अगदी स्वच्छ. पासपोर्टला चालेल असा.

पोलिसांनी लिहून घेतलं, अनोळखी इसम. मला विचारलं, फोटो आहेत का? मी म्हटलं, उन्हाने कॅमेरा बंद पडला होता. कत्तिरीत कॅमेरे बंद पडतात, त्यामुळे त्यांनी मान डोलवली. मी भ्याले होते. चार घरं पलीकडे राहतो तो. त्या रस्त्यावरचं प्रत्येक लग्न, प्रत्येक मरण माझ्या हातून जातं, आणि आप्पांना पळता येत नाही. ही कारणं खरी आहेत. ती मी वर्षभर इतकी घोकली की त्यांना चव राहिली नाही.

आठवड्याने सेल्वी आली. ओठावर टाके होते. म्हणाली, "कदिर डोळे काढणार आहे. डाव्या हाताने शिकतोय. माझा फोटो पाहिजे, चांगला मोठा. तुम्ही काढत होता ते मी बघितलं." मी तिला चौथा फोटो दिला, भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा, बाकी सगळं कापून. बाकीचे हलले, म्हटलं. स्क्रीनवर कापताना तर खस्स आवाजही येत नाही. तिने माझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "सरी, अक्का." सरी म्हणजे ठीक. ती गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन रडले, आणि आप्पांनी विचारलं तर पंख्याची धूळ गेली म्हणून सांगितलं.

कदिरच्या मनगटात सळ्या आहेत. मेणावर बोटं चालत नाहीत म्हणून कारखान्यात त्याला भट्टीवर ठेवलंय. वर्षभर वीरन त्या भिंतीवर तसाच होता, गळ्यावर काळे ओघळ, छातीवर फुटका परै, आणि वर दोन पांढरे डाग. गावाला सवय झाली. मला झाली नाही. मी वर्षभर लांबच्या रस्त्याने गेले.

या सोमवारी सेल्वीचा फोन आला. "अक्का, उद्या या. कॅमेरा आणा. तीनला."

"मंगळवारी तीनला राहुकाळ असतो."

"म्हणून तर."

मी गेले. भिंतीखाली उलटे फ्लेक्स अंथरलेले, त्यावर मंडळी आपटत होती. दोघे जण गवताच्या जाळावर परै शेकत होते, त्या उन्हात आणखी तो जाळ. रस्त्यापलीकडे लोक जमले होते, आणि शरबताच्या गाडीशी दोन हवालदार. बरोबर तीनला कदिर वर चढला. उजवा हात परांचीच्या बांबूत अडकवला आणि डाव्याने कॅन उचलला. सेल्वी खाली उभी राहिली, तोंड वर करून, आणि पाऊण तास हलली नाही. पहिला डोळा उघडला तेव्हा परै थांबले. दुसरा उघडला तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. मग सगळेच ओरडायला लागले. वीरन बघत होता. खाली, रस्त्यावर, पापणी न लववता.

जवळून फोटो घ्यायचा म्हणून मी परांचीवर चढले. बुबुळावर फोकस केला. काळ्यात चमक असते तिथे काहीतरी बारीक होतं. अजून जवळ गेले. पाच माणसं होती, बोटभर उंचीची. एकाचा हात वर, हातात पहार. पुढच्याचा डावा खांदा उतरलेला.

 कदिर शेजारीच होता.

"हे कुठून आलं?"

"तुमच्याच फोटोतून, अक्का. तिच्या बुबुळात होते. मोठं करून बघितलं. मेणात नखाएवढे डोळे केलेत मी, तिथे बघायची सवय आहे."

"कधी बघितलंस?"

"गेल्या वर्षीच."

म्हणजे मी जे कापलं ते कापलं गेलं नव्हतं. आणि मी कापलं आहे, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. "मग पूर्ण फोटो मागितला का नाही माझ्याकडे?"

कदिर कॅनचं टोपण लावत बसला. "सेल्वी नको म्हणाली. ताता कधी कुणाकडे मागायचा नाही. म्हणाली, अक्कांना आणायचं तर त्या आणतील."

मी खाली बघितलं. दुरै बाइकवरून आला होता. गर्दी बघून थांबला, मान वर केली. इतक्या खालून त्याला ती माणसं दिसली का, मला माहीत नाही. पण कुणीतरी फोनवर फोटो मोठा करून शेजारच्याला दाखवत होतं, शेजारचा दुरैकडे बघत होता. त्याचा उजवा हात हळूच डाव्या खांद्यावर गेला, आणि त्याने तो खांदा वर उचलून सरळ धरायचा प्रयत्न केला.

आज शुक्रवार. सकाळी शटर उघडलं, चटका घेतला, आणि चौथा फोटो छापला. पूर्ण. कुठेही न कापता. प्रिंट हातात घेऊन बघत होते तोवर आप्पा काठी टेकत पुढे आले. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, भिंगातून बघितला.

"कडेला हा कोण?"

"दुरै."

आप्पांनी भिंग खाली ठेवलं. प्रिंट घेऊन कोपऱ्यात गेले, यंत्राच्या पाटावर ठेवला, डावी कड पात्याखाली सरळ लावली. साठ वर्षांची सवय. हात मुठीवर गेला. मी धावले आणि पात्याखाली, दुरैच्या तोंडावर, माझा तळहात ठेवला. या वेळी पाय चालले.

"हात काढ," आप्पा म्हणाले.

"नाहीं."

"हात काढ, मा." त्यांनी मूठ सोडली.  "कापत नाहीं. मापतों होतों. हा फार लहान आहे. मोठा काढ."

मी मोठा काढला. प्रिंटर घरघरत होता तोवर आप्पा तिथेच स्टुलावर बसून राहिले. कागद बाहेर आला, मी त्याची गुंडाळी केली. आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"साडेदहा झाले. राहुकाळ लागला."

"असूं दे," मी म्हटलं, आणि चप्पल घातली. पोलीस ठाण्याला दोन रस्त्यांनी जाता येतं. मी जवळच्या रस्त्याने निघाले. वाटेत दुरैचं घर लागतं.